सरा रोगाचे निदान (घोड्यांतील)

सरा हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या प्रजीवामुळे होणारा रक्तरोग. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने 1880 मध्ये डेरा इस्माइलखान (आता पाकिस्तानात) येथे आजारी घोडे व उंट यांच्या रक्तात हा प्रजीव शोधला. टॅबॅनस वंशाच्या चावऱ्या माशा तो पसरवतात. अधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय, पायांवर व पोटाखाली सूज आणि खंगत जाणे ही लक्षणे इतर रोगांतही आढळत असल्याने रक्ततपासणी अटळ ठरते.

ताज्या रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारा प्रजीव दिसतो. गीम्सा रंजकाने रंगवलेल्या लेपात ओळख पक्की होते. मात्र प्रजीव आपल्या पृष्ठभागावरील प्रथिन वारंवार बदलून घोड्याच्या प्रतिकारशक्तीला चकवतो, त्यामुळे रक्तातील त्याची संख्या सतत वरखाली होते. म्हणून नमुना ताप चढलेला असताना घ्यावा, आणि एकाच लेपात प्रजीव दिसला नाही म्हणून घोड्याला निरोगी मुळीच ठरवू नये. केशनलिकेतील रक्त अपकेंद्रित केल्यास पांढऱ्या पेशींच्या थरालगत प्रजीव एकवटतात व शोध सोपा होतो. पीसीआर चाचणी याहून संवेदनशील आहे. एलायझाने प्रतिपिंडे कळतात. पण ती उपचारानंतरही काही महिने रक्तात टिकून राहतात.