काळा धागा, सात रिळं आणि वीस बाजूंचा फासा

मंडळी, आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. पण आहे इतिहासाचाच, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ आहे. पुण्या-मुंबईची तरुण मुलं तो खेळतात. चार-सहा जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, "तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आत अंधार आहे, कुठून तरी पाण्याचा आवाज येतोय. काय करता?" बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक सोंग घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. जो तो आपल्या सोंगाला शोभेल असं बोलतो आणि करतो. ते साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. अशी एकच गोष्ट महिनोन्महिने चालते. तिला मी मोहीम म्हणतो. भारुडातली सोंगं पाहत वाढलेल्या माणसाला हा खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात.

माझ्या नातवाच्या डोक्यात आलंय की आपण आबांच्या काळातल्या ‘स्वस्तातल्या’ जादूच्या सिनेमांवर एक मोहीम रचायची. त्यासाठी त्यानं मला यादी मागितली. यादी दिली, पण ‘स्वस्तातले’ म्हणताना तो जो हसला, तो मला थोडा लागला. त्या हसण्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

पहिली गंमत अशी की हा खेळ स्वतःच स्वस्तातल्या सिनेमांच्या पोटी जन्मलेला आहे.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काही हौशी मंडळी शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळत असत. त्यांच्यातल्या डेव्हिड वेसली यांनी १९६९ साली एक वेगळा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक गाव, आणि प्रत्येक खेळाडूकडे फौजेऐवजी एकच माणूस. कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी. सगळे एकाच वेळी कारस्थानं करू लागले आणि नुसता गोंधळ उडाला. वेसलींना वाटलं, डाव फसला. खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी?

त्याच कंपूत डेव्ह आर्नेसन होते. १९४७ चा जन्म, इतिहासाचे विद्यार्थी. एका शनिवार-रविवारी ते टीव्हीवर ओळीनं पाचेक राक्षसपट बघत बसले. जोडीला कोनन नावाच्या रानदांडग्या वीराच्या गोष्टींची पुस्तकं आणि मक्याच्या लाह्या. बघता बघता चौकटीच्या कागदावर ते भुयारांचे नकाशे काढत होते. पुढं १९७१ मध्ये मित्र खेळायला तळघरात उतरले, तर टेबलावर नेपोलियनऐवजी एक मध्ययुगीन किल्ला! त्या किल्ल्याखाली भुयारं आणि भुयारांत राक्षस. ही ‘ब्लॅकमूर’ची मोहीम. या प्रकारच्या खेळातली ती पहिली मोहीम मानली जाते.

सिनेमातून थेट नियमही आले. एका खेळाडूनं रक्तपिपासू पिशाच्चाचं सोंग घेतलं आणि ते कुणालाच आवरेना. मग त्याच्यावर उतारा म्हणून पिशाच्चांना पळवणारा धर्मोपदेशक तयार केला. नमुना कुठला, तर इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांत पीटर कुशिंग यांनी रंगवलेला व्हॅन हेल्सिंग. हॅमर कंपनीही बेताच्या पैशात भयपट काढण्यासाठीच प्रसिद्ध होती.

आर्नेसन यांच्याबरोबर गॅरी गायगॅक्स यांनी हा खेळ पुस्तकरूपात आणला. गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये सुटली होती आणि ते घरी बूट दुरुस्तीचं काम करत. त्यांनी आपले काही राक्षस दुकानातल्या स्वस्त, हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून बेतले. त्या पिशवीतले प्राणी ना धड डायनासोर, ना धड दुसरं काही. या गृहस्थांनी त्यांना नावं दिली आणि सवयी दिल्या. लोखंडाला गंज चढवून ते खाणारा प्राणी त्यातलाच. १९७४ साली खेळाच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर. आज जगभर पसरलेल्या या खेळाचं मूळ भांडवल एवढंच.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडे पडद्यावरची जादू सुरू झाली तीच हातात पैसा नसताना. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत आणि आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता दोघांचीही कामं केली. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. पुढं १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभातनं ‘मायामच्छिंद्र’ काढला. श्रावणात घरोघरी नवनाथांची पोथी वाचली जाते, त्यातलं स्त्रीराज्य लोकांनी पडद्यावर पाहिलं.

पण नातवाच्या यादीतला खरा माणूस म्हणजे बाबूभाई मिस्त्री. मूळचे सुरतेचे. १९३७ मध्ये विजय भट्ट यांच्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस दाखवायचा होता. बाबूभाईंनी मागं काळा पडदा लावला आणि वस्तू काळ्या धाग्यानं हलवल्या. काळ्यावर काळं दिसत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. तेव्हापासून चित्रपटसृष्टीत त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं. पुढं होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्ससाठी त्यांनी उडते गालिचे, दिव्यातले राक्षस असल्या करामती केल्या. ‘अलादीन और जादुई चिराग’ १९५२ चा, ‘अलीबाबा और चालीस चोर’ १९५४ चा आणि ‘हातिमताई’ १९५६ चा. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘पारसमणी’ १९६३ चा. लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीचा प्रदर्शित झालेला पहिला सिनेमा तोच. मोठे समीक्षक असल्या सिनेमांना फारसे विचारत नसत. तंबू मात्र भरत.

तंबू म्हणजे टुरिंग टॉकीज. आमच्या भागात सिनेमा पाहायचा तो जत्रेतच. मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार, तमाशाचे फड आणि तंबू. अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. बसायला जमीन, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की काळोख. तो काळोख फार महत्त्वाचा होता. हातिम गुहेत शिरला आणि रीळ संपलं, की पुढचं रीळ लागेपर्यंत सगळा तंबू आपापसात भांडायचा. आत अजगर असेल, नाही परी असेल, नाही दुसरा दरवाजा असेल! मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या वडीलधाऱ्यांची पिढी उर्दू शाळांत शिकलेली. हातिम, परी, तिलिस्म हे शब्द इथं कुणाला समजावून सांगावे लागत नसत.

गालिचा उडवणारी तार आम्हाला दिसायची का? कधी कधी दिसायची. म्हणून कुणी उठून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागं बारदानाचा गालिचा होऊन आमचीच ‘हातिमताई’ सुरू व्हायची. आणि ती खेळता आली याचं कारण असं की सिनेमात जे होतं ते आमच्या आवाक्यातलं होतं. पोतं होतं, दोरी होती, काळोख होता. हल्लीच्या सिनेमात राक्षसाचा एकेक खवला संगणकावर कोरलेला असतो. डोळे दिपतात, मीही बघतो. पण त्यात बघणाऱ्यासाठी काही काम शिल्लक ठेवलेलं नसतं. आर्नेसन यांना त्या शनिवार-रविवारी जे सुचलं आणि आम्हाला शाळेच्या मागं जे सुचलं, त्याचं कारण एकच. सिनेमानं अर्धं दाखवलं होतं, उरलेलं अर्धं आम्हाला करावं लागलं.

हे नातवाला सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. "आबा, मग मोहिमेची गोष्ट तुम्हीच सांगा," म्हणाला. मी सांगितली ती अशी.

जत्रेत तंबू लागलाय. शेवटच्या खेळाला मध्येच काळोख होतो आणि पुढचं रीळच सापडत नाही. सात रिळं सात ठिकाणी पळवली गेली आहेत. प्रत्येक रिळाबरोबर एक सवाल, हातिमसारखा. एक वारंगा फाट्यावर खिचडी खाणाऱ्या वाटसरूकडे, एक कयाधूच्या काठी, एक ईसापूर धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या वाटेवर, एक हिंगोलीच्या दसऱ्याच्या गर्दीत, एक आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात. एका सवालाला एक बैठक, म्हणजे सात बैठकांत मोहीम पुरी. औंढा नागनाथ आणि नरसी नामदेव ही ठिकाणं वाटेत येतीलच. नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही कथा इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, तिच्याहून मोठा चमत्कार काय रचणार? पण देवस्थानाला राक्षसाचा अड्डा करायचा नाही, हे मी बजावलं. तिथं विसावा घ्यायचा आणि जखमा भरून काढायच्या.

दोन नियमही दिले. पहिला ‘झपाटलेला’मधून (१९९३). महेश कोठारे यांचा सिनेमा, रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला. तात्या विंचू एवढा भयंकर, पण दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली की संपला. प्रत्येक राक्षसाला असं एक मर्मस्थान हवं आणि ते हुडकण्याची वाट गोष्टीत आधीच ठेवलेली हवी. नाहीतर खेळणाऱ्यांवर अन्याय होतो. दुसरा नियम बाबूभाईंचा. घरात आहे त्यातूनच जादू करायची. विकत काही आणायचं नाही. कंदील, घोंगडी, पितळी तांब्या. फासासुद्धा नसला तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टोपीत टाका.

‘सूत्रधार’ या शब्दात सूत्र आहे, म्हणजे धागा. तो हातात धरणाऱ्यानं स्वतः काळ्या पडद्यापुढं काळं होऊन राहावं. गोष्ट त्याची असली तरी पराक्रम खेळणाऱ्यांचा दिसायला हवा. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला हे निराळं शिकावं लागत नाही.

बाबूभाई २०१० मध्ये गेले. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा महाराष्ट्रातले तंबू मोजकेच उरले होते. ज्यांनी त्या काळोखात आरडाओरडा केला ती आमची पिढीही आता निघण्याच्या तयारीत आहे. त्या सिनेमांच्या प्रती कुठं ना कुठं जपल्या जातील. पण पडद्यासमोर जे घडत होतं ते कुठल्याच रिळावर नाही. एखाद्या खेळातून त्यातलं थोडं पुढं सरकलं, तर सरकू द्यावं.

पहिली बैठक दिवाळीत आहे. मला तंबूवाल्याचं सोंग मिळालंय. सातवा सवाल अजून ठरायचा आहे. तुमच्या गावच्या जत्रेत कोणकोणते सिनेमे आले होते आणि रीळ संपल्यावर तुम्ही काय कल्पना केली होती, ते आठवून कळवा. त्यातूनच एखादा सवाल निघेल.