नहर आणि नळ

आपल्या छत्रपती संभाजीनगराच्या उत्तरेस, हर्सूलच्या बाजूला, जमिनीच्या पोटांत पाण्याची एक जुनी वाट आहे. १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी या लहानशा गांवीं राजधानीचें शहर वसविलें. वस्ती वाढली तसा पाण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हां त्यानें डोंगराच्या पायथ्याशीं झिरपणारें पाणी भूमिगत बोगद्यांत गोळा केलें आणि केवळ उताराच्या बळावर तें शहरांत आणलें. तपासणीसाठीं व गाळ काढण्यासाठीं वाटेंत ठिकठिकाणीं विवरें ठेविलीं. हाच नहर-ए-अंबरी. पुढें त्याच धर्तीवर आणखी नहर झाले. पाणचक्कीला पाणी देणारा नहर त्यांपैकींच एक.

राजसत्तेचा गौरव करावा म्हणून मी हें सांगत नाहीं. तो नहर राजधानीसाठीं होता. भोंवतालच्या खेड्यांनीं आपला आड आणि आपली नदी पाहावी, अशीच त्या काळची रीत होती. लोकसत्तेनें दिलेलें वचन याहून पुष्कळच मोठें आहे. तें प्रत्येक गांवाला दिलेलें आहे. म्हणूनच त्याच्या पूर्ततेस लागणारा विलंब अधिक बोंचतो.

या वचनाचा इतिहास थोडक्यांत असा. १ मे १९६२ पासून राज्यांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यांच्या पाण्याचा भार बहुतांशीं त्यांच्यावर आला. १९७७ सालीं राज्याचें पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झालें; १९९७ मध्यें त्याचें महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालें. त्याआधीं, १९९३ मध्यें अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें, पंचायतींकडे सोंपवावयाच्या विषयांत पिण्याचें पाणीही घातलें. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जल जीवन मिशन जाहीर झालें. घरोघरीं नळ आणि दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हें त्याचें ध्येय. त्यासाठीं २०२४ ची मुदत ठरली होती. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ती २०२८ पर्यंत वाढविण्यांत आली.

मग अडतें कोठें? योजनेचा प्रवास पाहा. गांवचा ठराव, पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, आणि मग कोठें पहिली कुदळ. प्रत्येक पायरीवर कागद थांबतो. तो थांबला म्हणून लोखंडाचे आणि नळांचे भाव थांबत नाहींत. मग सुधारित अंदाजपत्रक करावें लागतें आणि कागद पुन्हां पहिल्या पायरीवर येतो. आमच्या शहराचाच दाखला घ्या. पैठणहून पाणी आणण्याची नवी योजना १,६८० कोटी रुपयांची म्हणून डिसेंबर २०२० मध्यें तिचें भूमिपूजन झालें. पुढें तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. महानगरपालिकेची ही गत, तर चार कारकुनांचेंही बळ नसलेल्या ग्रामपंचायतीनें काय करावें?

दुसरी अडचण काम संपल्यावर सुरू होते. योजना बांधणारा एक आणि चालविणारा दुसरा. टाकी उभी राहते, परंतु विजेचें देयक, पंपाची दुरुस्ती आणि पाणीपट्टीची वसुली ग्रामपंचायतीच्या माथीं येते. उन्हाळ्यांत विहीर आटली, कीं कागदोपत्रीं पूर्ण झालेल्या योजनेच्या गांवांतही टँकरची वाट पाहावी लागते. सांडपाण्याची कथा तर याहून मागची. नळ दारांत येतो, गटार मात्र येत नाहीं. शोषखड्डाही नसला, म्हणजे घरांत आलेलें स्वच्छ पाणी गल्लींत डबकें होऊन साचतें आणि त्यावर डांस पोसतात.

नाथसागराची आठवण येथें अपरिहार्य आहे. १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें जायकवाडीची कोनशिला बसली. १९७६ मध्यें धरण पुरें झालें. त्यासाठीं शंभराहून अधिक गांवांना जमिनींची झळ सोसावी लागली. ज्या जिल्ह्यानें पाण्यासाठीं एवढें मोल मोजलें, त्या जिल्ह्यांतील खेड्यांनीं घोटभर पाण्यासाठीं ताटकळावें, हें मनास पटत नाहीं.

मी शिक्षक असतांना खेड्यांतील एका शाळेंत हजेरीपट भरीत असें. फाल्गुन सरला, कीं मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा वाढत. चौकशी केली तर उत्तर एकच : “गुरुजी, टँकर यायचा होता.” विलंब कचेरींत होतो, त्याची नोंद मात्र हजेरीपटावर होते.

नहर वर्षानुवर्षें वाहिला तो केवळ चांगला बांधला म्हणून नव्हे. गाळ काढण्याची सोय आरंभींच केली होती आणि जोंवर निगा राहिली तोंवर तो वाहिला. निगा सुटली, वर घरें उठलीं, तेव्हां तो जागोजाग बुजला. त्यावरून आपण एवढें तरी शिकावें. योजना मंजूर होतांच ती पुरी करण्याची तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचें पद आणि देखभालीच्या पैशाची तरतूद, हीं तीन कलमें गांवच्या चावडीवर ठळक अक्षरांत लिहावींत. तारीख चुकली, तर ग्रामसभेनें विचारावें आणि अधिकाऱ्यानें तेथेंच उत्तर द्यावें. पाण्याची वाट पाहणाऱ्यांचा एवढा हक्क तरी आपण मान्य करावयास नको काय?