डॅशबोर्डवर उभी असलेली गायिका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

आधी एक छोटा प्रयोग सांगतो. गाडी उभी करा, इंजिन बंद करा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि एकाच गायिकेचं साधं गाणं लावा. मागे फार वाद्यं नकोत. डोळे मिटा आणि विचारा, ही बाई नेमकी कुठे उभी आहे? रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये सारखाच आहे, म्हणजे ती समोर मधोमध असायला हवी. पण बहुतेक गाड्यांत ती तुमच्या उजव्या गुडघ्यापाशी, दाराच्या खिशात पाण्याची बाटली ठेवतो ना, तिथून गाते.

याचं कारण अगदी साधं आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर जवळ, डाव्या दारातला लांब. समजा अंतरात अर्ध्या मीटरचा फरक आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे डावा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढासा उशीर मेंदूला पुरतो. जो आवाज आधी येतो, त्याच दिशेला मेंदू सगळा आवाज चिकटवून टाकतो. जर्मनीत हेल्मुट हास याने १९४९ च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला होता, म्हणून याला हास इफेक्टही म्हणतात.

आजचा विषय आहे कार ऑडिओच्या साउंड क्वालिटी स्पर्धा. त्यांचा जवळजवळ सगळा इतिहास म्हणजे या दीड मिलिसेकंदाशी केलेली मारामारी आहे. आणि त्याच्या जोडीने एक भांडण, आवाज चांगला आहे हे ठरवायचं कुणी, कानाने की मीटरने?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी मोटरगाडीसाठी मोटोरोला नावाचा रेडिओ काढला, तेव्हा स्पीकर एकच होता. एकाच स्पीकरला डावं-उजवं कुठलं? १९६० च्या दशकाच्या मध्यात फोर्डच्या गाड्यांत एट-ट्रॅक टेप आली, पुढे कॅसेट आली, आणि स्टीरिओ गाडीत शिरला. त्याबरोबर ही वाकडी बैठकही आली.

मग एक गोष्ट घडली, जी ऑडिओच्या गप्पांत फारशी कुणी काढत नाही. डॅशबोर्डवरचं भोक ठरलं. जर्मन डीआयएन मानकाप्रमाणे १८० बाय ५० मिलिमीटरचा चौकोन. कंपनीचा रेडिओ उपटायचा आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा त्यात सरकवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअरला एक ओपन इंटरफेस मिळाला. हा सगळा छंद, सगळी दुकानं, सगळा बाजार त्या भोकातून बाहेर आला असं मी म्हणेन. १९८४ मध्ये पायोनियरने गाडीत बसणारा सीडी प्लेअर आणला आणि टेपची खरखर गेली. आता आवाज वाईट आला तर कॅसेटला दोष देता येईना.

अमेरिकेत १९८० च्या दशकात दुकानांच्या पार्किंगमध्ये 'कुणाची सिस्टिम भारी' हे चाललंच होतं. दशकाच्या शेवटी त्याला नियमपुस्तक मिळालं. आयास्का नावाची संघटना उभी राहिली आणि परीक्षक, गुणपत्रिका, ठरलेली परीक्षा-सीडी असं सगळं आलं. परीक्षक गाडीत बसायचा, ठरलेले ट्रॅक लावायचा आणि गुण द्यायचा. वाद्यांचा पोत खरा वाटतो का, मंच किती रुंद आहे, तो डोळ्यांच्या उंचीवर आहे की पायांत, प्रत्येक वाद्य आपल्या जागी स्थिर आहे का. वायरिंग किती नीट केलंय याचेही गुण असत. अशा सीडीवर एक माणूस बोलतो, आता मी डावीकडे आहे, आता डावीकडून जरा आत, आता मधोमध. परीक्षकाने फक्त बोट दाखवायचं. बोट चुकीच्या जागी गेलं की गुण गेले.

हे जुळवायचं कसं? तेव्हा डिजिटल डिले स्वस्तात मिळत नव्हता. म्हणून लोकांनी भूमिती वापरली. स्पीकर दारातून काढून पुढे, पाय ठेवतो तिथल्या कोपऱ्यांत फायबरग्लासचे कप्पे करून बसवले. तिथून दोन्ही कानांपर्यंतच्या अंतरांतला फरक खूप कमी होतो. काहींनी डॅशबोर्डखाली भोंगे बसवले. हो, भोंगेच, सिनेमा थिएटरमध्ये असतात त्या जातीचे. यासाठी काही जणांनी हीटरच्या नळ्या हलवल्या, पत्रा कापला. मला या पिढीबद्दल खरंच आदर आहे. कारण भूमितीने केलेली दुरुस्ती दोन्ही सीटना लागू होते. शेजारी बसलेल्या माणसालाही गायिका समोरच दिसते.

पण गुणांची बेरीज करताना गडबड होती. सुरुवातीच्या नियमांत कानाच्या गुणांबरोबर मीटरचेही गुण होते. गाडीत पिंक नॉइज वाजवायचा, म्हणजे जोराच्या पावसासारखा सगळ्या सुरांचा एकत्र आवाज, आणि ॲनालायझरवर आलेख जितका सपाट तितके गुण जास्त. आता गंमत बघा. बंद गाडीत सपाट आलेख कानाला कर्कश लागतो. खालचे सूर थोडे चढे आणि वरचे हळूहळू उतरते असले की संगीत नैसर्गिक वाटतं. मग हुशार स्पर्धकांनी काय केलं? इक्वलायझरची दोन सेटिंग ठेवली, एक मीटरसाठी आणि एक परीक्षकासाठी. बटण दाबायचं, सेटिंग बदलायचं. युनिट टेस्ट पास होण्यापुरता लिहिलेला कोड ज्यांनी पाहिलाय, त्यांना हसू आलं असेल.

इथे रिचर्ड क्लार्क या माणसाबद्दल सांगायलाच हवं. त्याची ब्यूइक ग्रँड नॅशनल ही त्या काळातल्या गाजलेल्या स्पर्धक गाड्यांपैकी एक. म्हणजे हा बाहेरून टीका करणारा नव्हता, मैदानात जिंकलेला होता. त्याने उघड आव्हान दिलं, कुठलेही दोन ॲम्प्लिफायर नुसत्या कानाने वेगळे ओळखून दाखवा आणि दहा हजार डॉलर घेऊन जा. अटी अशा की दोन्हींचा आवाज मोजून सारखा करायचा, कुठलाही क्षमतेबाहेर ताणायचा नाही, सुरांच्या पट्टीत फरक असेल तर तोही जुळवायचा. मग १२ वेळा बरोबर ओळखायचं, आणि असे दोन फेरे.

सलग २४ बरोबर उत्तरं. नुसता अंदाज करून हे जमण्याची शक्यता १ कोटी ६७ लाखांत एक. दोनाचा चोविसावा घात, फोनच्या स्क्रीनवर जितके रंग दाखवता येतात तितका. खूप लोकांनी प्रयत्न केला. पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

यावर लोक अजूनही भांडतात. एक बाजू म्हणते, आधी फरक पुसून टाकायचा आणि मग फरक ओळखा म्हणायचं, ही कसली परीक्षा? दुसरी बाजू म्हणते, जो फरक एका साध्या बटणाने पुसता येतो, त्यासाठी दहापट किंमत कशाला मोजायची? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. 'उबदार आवाज', 'जिवंत आवाज' असली विशेषणं लावून महाग डबे विकणाऱ्या धंद्यात, त्याच धंद्यातला एक माणूस उठून म्हणाला की पडदा टाका आणि मग सांगा. आणि ज्याने हे केलं, तो मीटरभक्त नव्हता. कान महत्त्वाचा आहे हे तो मानत होता, म्हणून तर त्याने कानाची परीक्षा घेतली. त्यातून निघालं ते असं की पैसे ॲम्प्लिफायरवर उधळण्यापेक्षा स्पीकर कुठे बसतो आणि आवाज कधी पोचतो यावर डोकं लावा.

दरम्यान मीटरवाल्यांनी वेगळी चूल मांडली. १९९० च्या दशकात वेन हॅरिसने डीबी ड्रॅग रेसिंग सुरू केलं. दोन गाड्या समोरासमोर, दारं बंद, आत सेन्सर, जास्त डेसिबल तो जिंकला. संगीताचा संबंध संपला. एकच खर्जाचा सूर, काही सेकंद. काचा जाड केल्या, दारं बोल्टने आवळली, आकडे १८० डेसिबलच्या पुढे गेले. त्या वेळी आत कुणी बसत नाही. चालक बाहेर उभा राहून रिमोट दाबतो. ऐकायला कुणीच नसलेली ऑडिओ सिस्टिम! विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती पाहिलेल्या आपल्या लोकांना हे मानसशास्त्र समजवावं लागणार नाही. आकड्यावर वाद होत नाही, प्रेक्षकाला लगेच कळतं, छाती हादरते. साउंड क्वालिटीच्या स्पर्धेत मात्र प्रेक्षकाला काय दिसतं? एक माणूस बंद गाडीत डोळे मिटून बसलाय आणि कागदावर काहीतरी लिहितोय. याची रील कोण बघणार?

मग डीएसपी स्वस्त झाले. जवळच्या स्पीकरचा आवाज दीड मिलिसेकंद मुद्दाम उशिरा सोडायचा, झालं. पत्रा कापायची गरज संपली. २०१० च्या सुमारास जेबीएलने एमएस-८ नावाचं यंत्र आणलं, जे कानांशी माइक लावून स्वतःच मोजणी करून सगळं जुळवायचं. उत्तम काम. फक्त एक अडचण राहिली. डिलेने दुरुस्ती होते ती एकाच सीटची. ड्रायव्हरसाठी गायिका मधोमध येते आणि शेजारच्यासाठी ती आणखीच दारात ढकलली जाते.

आणि शेवटी ते भोकच गेलं. आता डॅशबोर्डवर टचस्क्रीन असतो, त्यात एसी, रिव्हर्स कॅमेरा, गाडीची सेटिंग्ज, सगळं एकत्र. तो उपटून दुसरा लावणं म्हणजे गाडीचा मेंदू काढण्यासारखं, वर वॉरंटीची धास्ती. अमेरिकेत सर्किट सिटीसारखी मोठी दुकानसाखळी २००९ मध्ये बंद पडली. पैसा कारखान्याकडे वळला. २०१७ मध्ये सॅमसंगने हरमन ही कंपनी सुमारे ८ अब्ज डॉलरना घेतली, ती मुख्यतः गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी. आपल्या चाकणमध्ये बनलेल्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलमध्ये सोनीचे १२ स्पीकर होते, आणि तिथल्याच बीई ६ मध्ये हरमन कार्डनचे १६ येतात. स्पर्धकांनी गॅरेजमध्ये ज्यासाठी रात्री घालवल्या, ते आता शोरूममधल्या माहितीपत्रकात एका ओळीत छापून येतं.

मग स्पर्धा संपल्या का? नाही, आटल्या. अमेरिकेत आयास्का आणि मेका, युरोपात एम्मा. एम्माची शाखा भारतातही आहे. थायलंड, मलेशियाकडे तर उत्साह पुष्कळ आहे. पण नवा मुलगा येणार कुठून? त्याच्या गाडीत बदलण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि चांगला आवाज तो कानातल्या बड्समध्ये ऐकतो, जिथे डावं-उजवं अंतर सारखंच असतं. दीड मिलिसेकंदाचा प्रश्न त्याला पडतच नाही.

मला काळजी आहे ती परीक्षकाची. गाड्या कारखाना बनवेल, पण तबल्याचा बाया समोर बसून ऐकल्यावर कसा घुमतो आणि स्पीकरमधून तो कसा फुगतो, हा फरक गुणांत मांडणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. परीक्षेचे ट्रॅक बहुतेक पाश्चात्त्य असतात. पियानो, जॅझची गायिका, ड्रम. एम्माच्या भारतातल्या स्पर्धेत एक ट्रॅक तानपुरा आणि पखवाजाचा असावा असं मला फार वाटतं. तानपुऱ्याची जवारी मंचावर पसरलेली ऐकू येते की एका दारात गोळा होते, हे कळायला आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीतल्या श्रोत्याला नियमपुस्तक लागणार नाही.

आज तुमच्या गाडीत सेटिंगमध्ये जाऊन बघा. 'लिसनिंग पोझिशन' किंवा 'साउंड फोकस' असा पर्याय बऱ्याच नव्या गाड्यांत असतो. ड्रायव्हर निवडा, तेच गाणं पुन्हा लावा आणि गायिका आता कुठे उभी आहे ते कॉमेंटमध्ये कळवा. कंपनी आणि मॉडेल लिहायला विसरू नका, पुढच्या भागात यादी वाचून दाखवतो.