मोहाचे फूल, मोहाची बी

तलासरी तालुक्यातले वेवजी आज गुजरातच्या सीमेला लागून आहे. इंग्रजी अमदानीत हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. येथील वारल्यांचा इतिहास वाचायचा तर मोहापासून आरंभ करावा.

मोहाच्या फुलांची दारू होते, आणि दारू म्हणजे सरकारचे अबकारी उत्पन्न. म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर निर्बंध आले. दारात गळलेले फूल वेचणे ही एकाएकी सरकारी बाब झाली!

त्याच झाडाची बी मात्र तेलाची. ते तेल वारली घरांत खाण्यात असे, दिव्यातही जळे. फ्रेंच रसायनज्ञ शेव्ह्रल याने १८२३ च्या ग्रंथात स्निग्ध पदार्थांची घडण उलगडली होती: मेदाम्ले आणि ग्लिसरीन. मोहाच्या तेलात ओलिइक, पामिटिक, स्टिअरिक ही मेदाम्ले भरपूर, म्हणजे साबणाला लागणारा कच्चा माल तयारच.

हा प्रश्न निव्वळ रसायनाचा नव्हता. साबणात प्राण्यांची चरबी असे, आणि १८५७ च्या काडतुसांचा देश ते विसरणारा नव्हता. कुलूपवाले अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला, तो स्वदेशीच्या ऐन भरात.

अबकारीच्या कागदांतून मोह शोधणाऱ्याला दारूच सापडते. माझ्या मते आपल्या इतिहासलेखनाने ती नजर फार निमूटपणे उचलली. घाण्याकडे कोणी फारसे वळले नाही.