कल्याणची खाडी आणि फिरंग्यांचा परवाना

मोहन्यावरून वाहणारी उल्हास कल्याणपाशी खाडी होते. आज तिथून होडी सोडताना सरहद्द आठवत नाही. सतराव्या शतकात मात्र हेच पाणी दोन सत्तांची सीमा होते.

१५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे ठाणेही त्यांच्याच हाती असल्याने कल्याणहून समुद्राकडे जाणारे प्रत्येक गलबत त्यांच्या नजरेखालून जाई. त्यांचा नियम असा : जहाजाने 'कार्ताझ' हा परवाना घ्यावा. त्यात नाखवा, माल, शस्त्रे, मुक्कामाचे बंदर, सारे नोंदलेले असे. शुल्क किरकोळ; खरी मेख पोर्तुगीज बंदरात भरायच्या जकातीत होती. परवाना नसेल तर जहाज मालासकट जप्त!

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत लढाऊ जहाजे बांधायला घेतली. व्यापारी गलबताला परवाना मिळे. आरमाराला तो कोण देणार? गंमत अशी, की कामावर रुय लैतांव व्हियेगश आणि त्याची पोर्तुगीज माणसेच होती. ही जहाजे सिद्दीविरुद्ध आहेत, असे सांगितले गेले. वसईकर फिरंग्यांना ते पटले नाही. १६५९ मध्ये त्यांनी आपल्या माणसांना फितवून काम सोडायला लावले. आरमार तरीही उभे राहिले.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे 'दस्तक' सुरू केले आणि ते न घेणारी जहाजे धरली. युरोपीयांनी त्यांना चाचे म्हटले. नियम मात्र त्यांच्याकडूनच उचललेला होता. १७३७ मध्ये ठाणे, १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली, आणि या खाडीत कार्ताझ मागणारे कोणी उरले नाही.