१४ फेब्रुवारी १९९१ : डॉ. लेक्टर पडद्यावर

ऐन व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त गाठून 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' अमेरिकेत झळकला. गोष्ट नरभक्षक मनोविकारतज्ज्ञ डॉ. लेक्टरची! थॉमस हॅरिसच्या १९८८ च्या कादंबरीवर जीन हॅकमन सिनेमा दिग्दर्शित करणार होता. पुढे त्याने अंग काढून घेतलं. हिंसाचार नको म्हणून मिशेल फायफरने नायिकेची भूमिका नाकारली, ती जोडी फॉस्टरकडे आली. तिला ती आधीपासूनच हवी होती. शॉन कॉनरीनेही लेक्टर साकारायला नकार दिला. दिग्दर्शक जोनाथन डेमीने मग अँथनी हॉपकिन्सला घेतलं, तेही 'द एलिफंट मॅन'मधला त्याचा सहृदय डॉक्टर पाहून. निवड अजब, पण अचूक.

लेक्टरच्या कोठडीला गज नाहीत, काच आहे. गजांमुळे क्लोजअपमध्ये चेहरे झाकले जात होते. शिवाय नायिका क्लॅरिसशी बोलणारा थेट कॅमेऱ्यात पाहतो, म्हणजे आपल्याच डोळ्यांत. लेक्टरने केलेल्या जेवणाच्या वर्णनानंतरचा किळसवाणा फुत्कार हॉपकिन्सने आयत्या वेळी काढला होता. पडद्यावर तो थोडाच वेळ दिसतो, तरी १९९२ मध्ये मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर त्यालाच मिळालं. चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री आणि रूपांतरित पटकथा ही बक्षिसंही याच सिनेमाने नेली.