जीप, गृहस्थ आणि तिऱ्हाईत

मोटार ही मुळात धनिकाची वस्तू. तिचा घाट, तिच्या गाद्या, तिच्या दारांच्या मुठी, सारे काही मालकाची ऐट सांभाळण्यासाठी घडविले गेले. जीपचे कुळ याहून अगदी वेगळे आहे. जो तिच्यात बसावयाचा त्याने ती विकत घ्यावयाची नव्हती, आणि जो तिची किंमत मोजावयाचा तो तिच्यात कधी बसणार नव्हता. आज मध्यमवर्गातील एखादा तरुण गृहस्थ आयुष्यातील पहिली मोटार म्हणून लहानशी, डोंगरवाटेवर चालणारी गाडी पसंत करतो, तेव्हा तिची निवड आणि तिचा विमा हे दोन्ही प्रश्न त्याला अनपेक्षित रीतीने अवघड वाटू लागतात. त्याचे कारण या कुळकथेत आहे.

१९४० च्या जुलै महिन्यात, फ्रान्सचा पाडाव ताजा असतानाच, अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांकडे एक मागणीपत्र धाडले. गाडी हलकी हवी, तिची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरावीत, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर व्हावा, अशी ती मागणी होती. वजनाची मर्यादा घातली होती १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम सहाशे किलो. ही अट घालणाऱ्या अधिकाऱ्यांनी मोटार कधी उचलून पाहिली नसावी. पेनसिल्व्हानियातील बटलर गावच्या बँटम या डबघाईस आलेल्या कारखान्याने तेवढी मुदत पत्करली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडा काढला, आणि २३ सप्टेंबर रोजी मेरीलँडमधील होलाबर्डच्या छावणीत गाडी पोहोचली तेव्हा मुदत संपण्यास अर्धा तास उरला होता. वजन अर्थातच मर्यादेपलीकडे गेले होते. पुढे बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड या बड्या कारखान्यांना दाखविण्यात आले, मोठी मागणी त्यांच्या पदरात पडली, आणि ज्याने मूळ गाडी घडविली त्याच्या वाट्याला मुख्यतः सैन्यासाठी ट्रेलर बनविण्याचे काम आले. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बाहेर पडल्या.

या गाडीला दारे नव्हती. युद्ध रंगात आल्यावर तर तिची किल्लीही काढून टाकण्यात आली आणि त्या जागी नुसती फिरवावयाची कळ बसविली गेली. रणांगणावर किल्ली शोधीत बसण्यास वेळ कोणास असणार? किल्ली नसणे म्हणजे मालक नसणे. जीपच्या स्वभावाची याहून नेमकी खूण सापडणे कठीण आहे.

भारतात ती प्रथम आली ती सैन्याबरोबर. पुढे, १९४५ साली स्थापन झालेल्या आणि फाळणीनंतर महिंद्र अँड महिंद्र असे नाव धारण केलेल्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळविण्याचे काम हाती घेतले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या गाजलेल्या खरेदी-प्रकरणाचा विषयही जीपच होता. १९४८ साली काश्मीरच्या युद्धासाठी लंडनमार्गे सुमारे २,००० जीप मागविण्यात आल्या आणि त्यांपैकी १५५ कशाबशा बंदरास लागल्या. संसदेत त्यावर वर्षानुवर्षे वाद झाले आणि १९५५ साली सरकारने ते प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले. पण लोकांच्या मनातील जीप निराळी होती. पाटबंधाऱ्याचा अभियंता, वनाधिकारी, जिल्ह्याचा कलेक्टर, समूहविकास योजनेचा अधिकारी यांच्या दौऱ्याची ती गाडी. गावाच्या शिवेवर धूळ उठली की सरकार आले, हे मुलांनाही समजत असे.

येथे विम्याचा धागा कथेत शिरतो. रस्त्यावरील अपघातात सापडलेल्या परक्या माणसास भरपाई मिळावी म्हणून प्रत्येक मोटारीचा विमा सक्तीने उतरवावा, हे तत्त्व इंग्लंडने १९३० च्या कायद्याने स्वीकारले. भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, पण त्यातील विम्याचे प्रकरण तहकूब ठेवले गेले आणि १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. विमा करारात दोन पक्ष असतात, विमा कंपनी आणि मोटारमालक. कायद्याला ज्याची चिंता होती तो मात्र तिसराच होता. तो कराराच्या कागदावर नसतो, त्याने सही केलेली नसते, बहुधा त्याच्याजवळ मोटारही नसते. कायद्याच्या भाषेत तो ‘त्रयस्थ पक्ष’. मराठीत त्याच्यासाठी ‘तिऱ्हाईत’ असा नेमका शब्द आहे. मालक भरपाई देण्यास असमर्थ असला तरी न्यायालयाने तिऱ्हाइताला मंजूर केलेली रक्कम विमा कंपनीने थेट त्याला द्यावी, अशी त्या कायद्याची योजना होती. आपल्या सामाजिक कायद्यांत या योजनेचे स्थान मोठे आहे, आणि तिचे श्रेय तिला क्वचितच दिले जाते.

परंतु या सक्तीतून एका मालकाला सूट मिळाली होती. केंद्र व राज्य सरकारांची, व्यापाराशी संबंध नसलेल्या सरकारी कामासाठी वापरली जाणारी वाहने कायद्याने वगळली होती. सरकार कधी दिवाळखोर होत नाही, तेव्हा त्यास विम्याची गरज काय, हा त्यामागील विचार. तो कागदावर बिनचूक होता. रस्त्यावर काय झाले ते पाहण्यासाठी राजस्थानकडे वळावे लागते.

११ फेब्रुवारी १९५२ रोजी उदयपूरच्या कलेक्टरांसाठी ठेवलेली सरकारी जीप दुरुस्ती आटोपून कारखान्यातून परत येत होती. चालक तात्पुरत्या नेमणुकीवरचा होता. रस्त्याच्या कडेच्या पदपथावरून चाललेल्या एका पादचाऱ्यास त्याने धडक दिली, आणि तीन दिवसांनी तो मनुष्य रुग्णालयात मरण पावला. मागे तरुण विधवा आणि तीन वर्षांची मुलगी राहिली. त्यांनी चालकावर आणि राज्यावर दावा लावला. खालच्या न्यायालयाने चालकाविरुद्ध निकाल दिला आणि राज्यास मोकळे सोडले. तात्पुरत्या चालकाकडून पंधरा हजार रुपये वसूल होतील अशी कल्पना करणे हीदेखील त्या काळी थट्टाच होती. उच्च न्यायालयाने राज्यालाही जबाबदार धरून १५,००० रुपयांची भरपाई दिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जीप कलेक्टरांच्या कामाची, म्हणजे ती बाळगणे हा सार्वभौम सत्तेचा व्यवहार, आणि सार्वभौम सत्तेला नोकराच्या चुकीचा जाब विचारता येत नाही, असा युक्तिवाद झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीतील दाखले काढले गेले. १९६२ च्या फेब्रुवारीत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या न्यायपीठाने तो युक्तिवाद फेटाळला. कोणताही खाजगी धनी जसा आपल्या चालकाच्या कृत्यास जबाबदार असतो तसेच राज्यही आहे, असा तो निर्णय. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो मुखोद्गत असतो. पण त्यातील कालगणनेकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अपघात झाला तेव्हा तीन वर्षांची असलेली मुलगी निकालाच्या वेळी तेरा वर्षांची झाली होती. सक्तीच्या विम्याखालील एखाद्या सामान्य गृहस्थाच्या गाडीने तो अपघात केला असता, तर भरपाई द्यावयाची कोणी, या प्रश्नासाठी दहा वर्षे खर्ची पडली नसती.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणे स्थापण्याची सोय झाली. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७३ पासून तो चार सरकारी कंपन्यांकडे गेला, आणि शतकाच्या अखेरीस खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. १९८२ साली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृताच्या वारसांना ठराविक रक्कम देण्याची तरतूद आली. ती रक्कम होती १५,००० रुपये, म्हणजे योगायोगाने उदयपूरचाच आकडा. मधल्या काळात रुपया केवढा झिजला होता हे वेगळे सांगावयास नको. सध्याचा कायदा १९८८ चा असून त्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने ही रक्कम पाच लाखांवर नेली.

दरम्यान जीप सरकारच्या दारातून गृहस्थाच्या अंगणाकडे सरकत होती. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. जपानमध्ये १९७० साली अवघ्या ३५९ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर सुरू झालेल्या सुझुकी जिम्नीच्या वंशातील ही गाडी. तिचे ९७० घनसेंटिमीटरचे इंजिन मैदानावर दमत असे, पण हलकेपणामुळे ती चिखल आणि बर्फ यांतून सहज निघे. सैन्याने आणि पोलिसांनी ती उचलली, तशी चहाच्या मळ्यांतील व डोंगराळ मुलखातील अनेक कुटुंबांनीही पत्करली. २०१० मध्ये महिंद्रची थार आली आणि २०२० मध्ये तिचा नाशिकच्या कारखान्यात घडलेला नवा अवतार. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी भारतीय बाजारात उतरली. सैनिकाच्या गाडीला आता किल्ली, दारे, गाद्या आणि थंड हवा, सर्व काही मिळाले होते.

पहिली मोटार म्हणून अशी गाडी घेणाऱ्याने काय पाहावे? चारही चाके फिरविणारी यंत्रणा आपल्याला वर्षातून किती दिवस लागणार, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे खरे उत्तर पुष्कळांच्या बाबतीत ‘चार दिवस’ असे असते. या दोन गाड्यांतील यंत्रणा कळ ओढून जोडावयाची आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून ठेवली तर वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना भिन्न अंतर कापावे लागून दाते आखडतात. उंच, अरुंद आणि आखूड गाडी वेगात वळविणे हेही नवशिक्याचे काम नव्हे. तीन दारी थारच्या मागच्या आसनावर वृद्ध आईला चढविणे दररोज जमेल काय, याचा विचार दुकानातील लख्ख प्रकाशात सुचत नाही. जिम्नीला मागे दारे आहेत, पण सामानाची जागा बेताचीच.

कराचा हिशेब तर याहून चमत्कारिक आहे. चार मीटरांच्या आत लांबी, आणि पेट्रोलचे इंजिन १,२०० किंवा डीझेलचे १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असेल तर ती लहान मोटार, असे सरकारी मोजमाप आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारीवर १८ टक्के आणि बाकीच्यांवर ४० टक्के कर ठरला. जिम्नी आणि तीन दारी थार या दोघींची लांबी ३,९८५ मिलिमीटर. परंतु जिम्नीचे पेट्रोल इंजिन १,४६२ घनसेंटिमीटरचे, म्हणून ती मोठी ठरते. दीड लिटर डीझेलची थार लहान ठरते, पण तिची फक्त मागचीच चाके फिरतात. जीपचा घाट स्वस्त आणि जीपचा गुण महाग, असा हा न्याय आहे.

विम्याचा हप्ता मात्र इंजिनाचा आकार निराळ्या कोष्टकाने मोजतो. तिऱ्हाइताच्या विम्याचे दर सरकार ठरविते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशामुळे नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागू लागला, कारण पहिल्या वर्षानंतर हप्ता चुकविणारेच फार. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० घनसेंटिमीटरच्या खाजगी गाडीस तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि त्यावरील इंजिनास २४,५९६ रुपये पडतात. म्हणजे करासाठी मोठी ठरलेली जिम्नी येथे मधल्या पायरीवर येते आणि चारही चाके फिरविणारी थार वरच्या. पादचाऱ्यास बसणारा धक्का इंजिनाच्या घनफळावर अवलंबून नसतो. गाडीचे वजन आणि तोंडाची उंची यांवर असतो. कोष्टक करणाऱ्यांनी त्याचा विचार अजून केलेला दिसत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा ऐच्छिक भाग. त्याचे दर २००७ पासून कंपन्यांनी आपापले ठरवावेत असे झाले, त्यामुळे चार ठिकाणी चौकशी करणे फायद्याचे. पहिल्याच गाडीच्या मालकाला दावा न केल्याची सवलत अर्थातच नसते. ती पुढे दरवर्षी वाढत २० पासून ५० टक्क्यांपर्यंत जाते. विमापत्रातील बारीक अक्षरांत मात्र जीपच्या स्वभावाशी थेट भांडण आहे. नुसता टायर दगडाने फाटला तर पैसे मिळत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच, आणि तेही अर्धे. शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाची परीक्षा यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ओढा ओलांडताना इंजिनात पाणी शिरले आणि मालकाने पुन्हा कळ दाबली, तर त्या बिघाडाचा दावा साध्या विमापत्राखाली बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण निराळ्या हप्त्याने घ्यावे लागते. बाहेरून बसविलेला दोर ओढण्याचा चरखा किंवा जादा दिवे आधी सांगून नोंदवावे लागतात. आणि गाडी उंच करणे, प्रचंड चाके चढविणे यांसारख्या फेरबदलांना परिवहन कार्यालयाच्या मंजुरीचे बंधन आहे, हे हौशी मंडळी सोयीस्करपणे विसरतात.

नागरी ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली, तरी जुन्या जिप्सी हातोहात विकल्या जातात, आणि कित्येकांची पहिली गाडी अशीच असते. तेथे विक्रेत्याने वर्षानुवर्षे जमविलेली सवलत त्याच्याचबरोबर जाते. गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावे करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. तिऱ्हाइताचा विमा तेवढा कायद्याने गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतो.